बेरीज जुळली होती

दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य खरं धरायचं नाही, हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "मी काही केलं नाही, आपोआपच बंद पडला," असं म्हणत जो रेडिओ दुकानात येतो, त्याच्या पोटात कोणाचा तरी पेचकस नक्की फिरून गेलेला असतो. कुही गावचे एक सद्गृहस्थ असाच टीव्ही घेऊन आले होते. तोंडी तेच वाक्य. मी मागचं झाकण उघडलं आणि अर्धा तास शिंकत राहिलो. आत उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांनी जाळीतून वाटीभर भिवापुरी मिरचीची पूड सोडली होती. "पण ते तं उंदरासाठी होतं," ते मलाच समजावू लागले, "टीव्हीले त्याचं काय?"

नागपूरच्या इतवारीतल्या त्या दुकानात मी चाळीस वर्षं बसलो. साठच्या दशकात व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टीव्ही. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या आहेत. पण ते गिऱ्हाइकाचं वाक्य एकदा मी स्वतः बोललो होतो आणि पाच आठवडे त्याला चिकटून बसलो होतो. ती गोष्ट मी घराबाहेर कुठे सांगितलेली नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांच्यापुढे लाज वाटायची ते लक्ष्मणराव आता राहिले नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. एका दुपारी एक पंचविशी ओलांडलेली मुलगी दुकानात आली. सोबत तिचे वडील, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, एक हात तिच्या खांद्यावर. तिने पिशवीतून एक चपटा काळा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हा मीच जाळला."

माझ्या आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिला बसायला स्टूल दिलं.

तिचं नाव कुंदा. उमरेडच्या शाळेत गणित शिकवायची. तो डबा म्हणजे घरगुती कॉम्प्युटर. आताच्या मुलांना त्याची गंमत कळायची नाही. टाइपरायटरच्या कळांचा एक डबा, बस. पडदा नाही, घरचाच टीव्ही जोडायचा. काम साठवून ठेवायचं ते गाण्याच्या कॅसेटवर. कुंदाच्या मैत्रिणीच्या भावाने तो परदेशातून खेळ खेळायला आणला होता, कंटाळा आल्यावर माळ्यावर टाकला होता. कुंदाने तो मागून घेतला आणि पहिल्याच दिवशी त्याला चुकीचा अडॅप्टर लावला.

मी उघडून पाहिलं. तीन चिपा गेल्या होत्या. दोन मिळण्यासारख्या होत्या. तिसरी नव्हती. त्या तिसरीतच यंत्राचं मूळ शहाणपण भरलेलं असतं. कळ दाबली तर काय करायचं, टीव्हीवर अक्षर कसं उमटवायचं, कॅसेट कशी वाचायची, हे सगळं तीच सांगते. तिच्यातल्या मजकुराला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तो मजकूर नसेल तर उरलेलं सगळं ठणठणीत असूनही डबा म्हणजे नुसता ठोकळा. आणि तो बनवणारी कंपनी तर केव्हाच बुडाली होती.

मी सांगून टाकलं की हे होणार नाही. मी सहज विचारलं की शाळेसाठी हवा होता का. तेव्हा तिने वडिलांकडे पाहिलं आणि खरं कारण सांगितलं.

तिचे वडील लक्ष्मणराव हे विणकर. त्यांच्या मागावर डॉबी होती. डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेला एक लाकडी सांगाडा. त्यात पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीला भोकं असतात, भोकात खुंटी ठोकली तर तेवढे ताण्याचे उभे धागे उचलले जातात, भोक रिकामं असलं तर ते खालीच राहतात. एकेक पट्टी पुढे सरकते आणि लुगड्याच्या काठाची नक्षी उतरत जाते. लक्ष्मणरावांच्या डोक्यात असे साठेक काठ होते. काही त्यांच्या वडिलांचे, बरेचसे स्वतःचे. कागदावर एकही नव्हता, कारण एक काठ संपला की त्याच पट्ट्यांच्या खुंट्या काढून दुसरा लावायचा, हीच रीत. शिकलेली माणसं एकेक करून दुसऱ्या धंद्यात गेली होती. आणि आता लक्ष्मणरावांच्या डोळ्यांच्या मागचा पडदा झिजत चालला होता. चष्म्याचा उपयोग नव्हता, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्ष दीड वर्ष, त्यात जे पाहायचं ते पाहून घ्या.

वडिलांनी सांगायचं आणि कुंदाने चौकटीच्या कागदावर उतरवायचं, असं त्यांनी करून पाहिलं होतं. पण कागदावरचे बारीक चौकोन लक्ष्मणरावांना दिसत नव्हते, आणि काठ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो बरोबर आहे असं ते म्हणायला तयार नव्हते. कुंदाने लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या, नक्षीतलं तिला कळत नव्हतं. मग अंगणात रांगोळीने मोठे चौकोन काढून पाहिले. एक पट्टी बदलली की अर्धं अंगण पुसायचं, पुन्हा काढायचं. त्यात महिनाभर गेला आणि एकही काठ पुरा झाला नाही. टीव्हीच्या पडद्यावर मात्र चौकोन हवे तेवढे मोठे करता येतील, हवे तेव्हा बदलता येतील, आणि बरोबर ठरलेला काठ कॅसेटवर राहील. त्यासाठी लागणारा सगळा प्रोग्राम तिने एका शाळेच्या वहीत लिहून तयार ठेवला होता. यंत्र चालू नसताना, केवळ सोबतचं पुस्तक वाचून. मी ती वही चाळली. खाडाखोड सुद्धा नेटकी होती.

त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. पण कुंदा थांबणाऱ्यांतली नव्हती. रद्दीच्या दुकानात तिला एक जुनं परदेशी मासिक मिळालं. त्यात त्याच यंत्राच्या शौकिनांच्या मंडळाचा पत्ता होता. तिने पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. मूळ ऑपरेटिंग सिस्टीम त्या लोकांना आवडत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच एक नवी लिहिली होती, जुनीपेक्षा चांगली. ती त्यांनी कागदावर छापून पाठवली होती. अकरा पानं, नुसते आकडे. एका ओळीत सोळा, अशा दोनशे छप्पन्न ओळी. शेवटी सगळ्या आकड्यांची बेरीज, पडताळ्यासाठी. सोबत चार ओळींचं पत्र, आनंदाने वापरा म्हणून.

पाकीट घेऊन बापलेक पुन्हा इतवारीत आले तेव्हा एप्रिल संपत आला होता. आणि खरं सांगतो, ती पानं पाहून माझे हात शिवशिवले. माझ्याकडे मी स्वतः जुळवलेलं एक यंत्र होतं. सोळा कळा, वर लाल आकड्यांची छोटी पट्टी. कोऱ्या चिपेत आकडे भरायचं यंत्र. अख्ख्या नागपुरात तेव्हा असं यंत्र कोणाकडे असेल तर ते दोन-चार कॉलेजांत. कोऱ्या चिपा दोनच होत्या, एका ओळखीच्याने मुंबईहून आणलेल्या.

कुंदा म्हणाली की तिला सुट्या लागल्या आहेत, ती आकडे वाचून दाखवेल, मी भरत जावं. मी नको म्हटलं. पंचवीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला आकडे कोण वाचून दाखवणार? चार दिवस एकट्याने बसून मी चार हजारांवर आकडे भरले. वीज जायची, म्हणून दर पानाला ते कॅसेटवर उतरवून ठेवत होतो. शेवटी यंत्राने बेरीज दाखवली. कागदावरच्या बेरजेशी तंतोतंत जुळली. मी ती कुंदाला दाखवली, आणि लक्ष्मणरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचली.

बाकीच्या दोन चिपा बाजारातून आणून बसवल्या होत्याच. ही भरली, डब्यात बसवली, टीव्ही लावला. पडद्यावर आडवे पट्टे आले. बाकी काही नाही.

आता पुढचे पाच आठवडे. आधी वाटलं चिप नीट भरली गेली नसेल. ही चिप पुसून पुन्हा भरता येते. तिच्या पाठीवर काचेची एक खिडकी असते, त्यातून अतिनील प्रकाश सोडला की आतला मजकूर पुसला जातो. त्यासाठी वेगळा दिवा मिळतो. माझ्याकडे तो नव्हता, पण नागपूरचं एप्रिल-मेचं ऊन होतं. आमच्या गच्चीवर खाटेवर धोतर पसरून सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, कुरडया आणि मूगवड्या घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी स्टीलच्या ताटलीत मी चिप ठेवली. सात-आठ दिवस ऊन खाल्लं की चिप कोरी. सुमन तिला गोम म्हणायची, बारीक पाय असल्यामुळे. "वड्यांवरचे कावळे हाकलू का तुमच्या गोमेले राखत बसू?" असं दिवसातून दोनदा ऐकून घ्यावं लागे. भरलेल्या चिपेच्या खिडकीवर ऊन पडू नये म्हणून काहीतरी चिकटवायला हवं असे. त्यासाठीही सुमनचीच टिकली कामी आली. मोठी, मरून रंगाची.

एक चिप गच्चीवर, एक टेबलावर, अशी पाळी चालली. दर वेळी मी कॅसेटवरचे आकडे यंत्रात घ्यायचो, बेरीज पाहायचो, जुळली की चिप भरायचो. पट्टे. मग डब्यातले भाग तपासले. स्मरणाच्या चिपा बदलल्या, घड्याळाचा स्फटिक बदलला, वीजपुरवठा नव्याने केला. पट्टे. अकरा पानं पुन्हा पहिल्यापासून वाचून लाल आकड्यांशी ताडून पाहिली, एकदा नव्हे, दोनदा. सगळं बरोबर.

कुंदा आणि लक्ष्मणराव एक दिवसाआड उमरेडच्या बसने येत. लक्ष्मणराव कूलरजवळच्या बाकावर बसत. तोवर समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येईनासा झाला होता, चाहुलीवरून ओळखत. मी काय करतो आहे ते अधूनमधून विचारत. आकडे म्हणजे काय, ते भरायचे म्हणजे काय. मी कामात असे. एकदा तुटक सांगितलं, काकाजी, तुमच्या पट्ट्यांसारखंच आहे, खुंटी असली तर एक, नसली तर शून्य. ते म्हणाले, "असं हाये होय," आणि पुन्हा बाकाला टेकले. त्यांच्या लक्षात सगळं राहत होतं हे मला तेव्हा कुठे माहीत.

कुंदाने दोनदा सुचवलं की आपण दोघं मिळून आकडे ताडून पाहू. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा चिडलो. बेरीज जुळली आहे, माझ्याकडून काही चुकलेलं नाही, दोष यंत्रातच आहे, असं म्हणालो. मी काही केलं नाही, आपोआप बंद पडला, हेच ते. मिरचीपूडवाल्या गृहस्थांत आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांना शिंका आल्या नव्हत्या.

मे महिन्याच्या शेवटी मी हात टेकले. कुंदाला सांगितलं की मुख्य चिपच आतून गेलेली दिसते, हा डबा घेऊन जा, उगाच हेलपाटे नका घालू. तिने पानं पाकिटात घातली, डबा पिशवीत घालू लागली. वडिलांना उठवायला तिने हात पुढे केला, पण लक्ष्मणराव उठले नाहीत.

"मिस्त्री," ते म्हणाले, "एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही म्हणता बेरीज जुळली. आमच्यात नवा माणूस खुंट्या ठोकते, न मंग मोजते. मोजून बरोबर भरते. तरी काठ बिघडते. काहून? तं दोन पट्ट्या एकमेकीच्या जागी लागून राहते. खुंट्या तं तेवढ्याच भरतीन ना?"

दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज बदलत नाही, हे तिसरीतलं पोर सांगेल. कुंदा तर गणिताचीच शिक्षिका. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

मी म्हटलं, काकाजी, पण मी दोनदा वाचून पाहिलं आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"सरळ वाचलं का आपलं डोकं मधात येते," ते म्हणाले. "हाताले जे ठाऊक राहते ते डोळा पाहत नाई. आम्ही माळ शेवटून वाचतो. शेवटल्या पट्टीची शेवटली खुंटी पयले. मंग डोक्याले काही समजत नाई, न ते गुमान राहते."

विणकरांची ही जुनीच रीत. माळ लावून झाली की दोघांनी समोरासमोर बसून ती उलटी वाचायची. लक्ष्मणरावांनी आम्हाला तसंच बसवलं. मी यंत्रापुढे, कुंदा कागद घेऊन माझ्याकडे पाठ करून, मध्ये बाकावर ते. मी शेवटची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, सोळाही आकडे. मग तीच ओळ कुंदाने कागदावरून वाचायची. जुळलं की नाही ते आम्ही दोघांनी ठरवायचं नाही, ते सांगतील. "तुम्ही ऐकान तं तुमच्या मनासारखं ऐकान," असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं.

हे आकडे साधे नसतात. त्यात इंग्रजी अक्षरंही येतात, ए पासून एफ पर्यंत. लक्ष्मणरावांना इंग्रजी येत नव्हतं. ते फक्त नाद ऐकत होते. मी सोळा नाद म्हणायचो, ते डोळे मिटून मनात धरायचे, मग कुंदाचे सोळा त्यावरून फिरवायचे. जुळले की गुडघ्यावर एक बोट आपटायचे आणि आम्ही पुढची ओळ घ्यायचो. पंधरा-वीस ओळी झाल्यावर मला खात्री झाली की हा माणूस थकणार. मीच थकलो. पाणी प्यायला त्यांनीच मला दोनदा थांबू दिलं. चाळीस वर्षं सोळा खुंट्यांची पट्टी मनात धरून माग हाकलेला माणूस होता तो, आणि मी त्याला पाच आठवडे कूलरजवळ नुसता बसवून ठेवला होता.

पहिल्या दिवशी सहा पानं झाली. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पहिल्या पानावर आलो, म्हणजे उलट्या क्रमाने शेवटच्या. वरून तिसरी ओळ. मी वाचली, कुंदाने वाचली. बोट आपटलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "मिस्त्री 'चार शून्य' म्हणते न मंग 'शून्य बी'. पोरगी 'शून्य बी' पयले म्हणते."

मी कागद हातात घेतला. खरं होतं. शेजारचे दोन आकडे मी उलटसुलट भरले होते. कसे, तेही लगेच कळलं, आणि तेच जास्त लागलं. त्या यंत्रात एखाद्या जागेचा पत्ता लिहायचा तर पत्त्याचा मागचा भाग आधी लिहितात आणि पुढचा नंतर. बाहेरच्या माणसाने ते आकडे होते तसे उतरवले असते. मी जाणकार. मला तो पत्ता आहे हे कळत होतं, म्हणून हाताने तो आपोआप सरळ करून टाकला होता. तपासतानाही दोन्ही वेळा मी तो मनात सरळच वाचला होता. यंत्र बिचारं सुरू होताच तिसऱ्या ओळीत त्या पत्त्यावर जायला निघायचं आणि कामठीऐवजी काटोलला पोचायचं. आणि ती चूक मी कॅसेटवर जपून ठेवून दर आठवड्याला नव्या चिपेत भरत होतो.

"काकाजी, चूक माझी होती," मी म्हटलं. यंत्राला दोष देऊन झाला होता, बेरजेला देऊन झाला होता, आणखी कोणी उरलं नव्हतं.

ते म्हणाले, "सापडली ना? मंग आता भरा."

गच्चीवरून मी कोरी चिप आणली. कुरडयांचा चुरा तिच्या पायांत अडकला होता, तो ब्रशने काढला. दोन आकडे जागच्या जागी ठेवले, चिप भरली, सुमनने कपाळावरची टिकली काढून खिडकीवर लावली. तीही त्या दिवशी दुकानात येऊन उभी होती. कळ दाबली. पट्टे आले नाहीत. पडदा पांढरा स्वच्छ झाला आणि कोपऱ्यात एक काळा चौकोन लुकलुकू लागला. कुंदाने तोंडावर हात धरला.

तिने वहीतला प्रोग्राम भरायला घेतला. उरलेली सगळी दुपार गेली. त्यात तीन चुका निघाल्या, तिन्ही तिनेच शोधल्या, आणि प्रत्येक वेळी "ही माझी" असं म्हणाली. मग वडिलांनी कधीकाळी सांगितलेला एक काठ तिने कागदावरून पडद्यावर घातला. मुंगीवाट त्याचं नाव. ठिपक्यांची एक ओळ, मुंग्या चालाव्या तशी. टीव्हीभर मोठमोठे काळे-पांढरे चौकोन उभे राहिले.

लक्ष्मणरावांचं स्टूल तिने टीव्हीसमोर ओढलं. त्यांनी चेहरा काचेला टेकेल इतका जवळ नेला. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवलं, मग एक ओळ खाली. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यांना काही दिसतं आहे की नाही, हे विचारायची आमची कोणाची हिंमत नव्हती.

"कुंदे," ते म्हणाले, "सातवी पट्टी चुकली वं. मी सांगतानी चुकलो का तू लिहितानी?"

कुंदा रडायला लागली. सुमनही. मी उगाच टीव्हीच्या मागे जाऊन वायर नीट करत बसलो.

त्यानंतर ते यंत्र उमरेडला त्यांच्या घरी, मागाच्या शेजारी गेलं. मी महिन्यातून एकदा जायचो, टेपचं हेड साफ करायला म्हणून. खरं कारण म्हणजे मला ते काम पाहायला आवडायचं. म्हातारा काचेला नाक लावून बसलेला, पोरगी शाळेतून येऊन कळांवर. एकेका काठावर चार-चार दिवस जायचे. बरोबर ठरला की कॅसेटवर नाव लिहायचं. चिंचपाला, जोडकवडी, गव्हाची ओंबी. मी आयुष्यात शेकडो यंत्रं दुरुस्त केली, पण दुरुस्त झालेल्या यंत्राचं कोणी इतकं चीज केलेलं पाहिलं नाही.

दिवाळीपर्यंत त्यांना पडद्यावरचे चौकोन दिसत होते. संक्रांतीला नुसता उजेड दिसू लागला. होळीपर्यंत तोही गेला. तोवर चाळीस काठ झाले होते. आणखी किती राहिले होते, ते मी विचारलं नाही. ते पाच आठवडे माझ्या डोक्यातून जात नव्हते. पाच आठवड्यांत किती काठ झाले असते, हा हिशेब मला येत होता आणि करवत नव्हता. त्यांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. कुंदानेही नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस कुंदा दुकानात आली आणि सुमनसाठी एक लुगडं ठेवून गेली. माग आता तिचा चुलतभाऊ चालवत होता, पट्ट्या ती कॅसेटवरून लावून देत होती. काठ मुंगीवाटेचाच वाटला, पण नाही. मुंग्यांची ओळ चालता चालता एका ठिकाणी दोन मुंग्या जागा बदलत होत्या, पुढची मागे, मागची पुढे, आणि ओळ तिथे नाजूक वळसा घेऊन पुन्हा सरळ जात होती. असा काठ चाळीसात नव्हता. मी विचारलं. कुंदा म्हणाली की हा एकेचाळिसावा, बाबांनी डोळे गेल्यावर केला. मिस्त्रीची ती चूक पट्ट्यांत घालून पाहू म्हणाले. दोन पट्ट्या अदलाबदल केल्यावर काठ आधी बिघडलाच. मग आठ दिवस ते मनातल्या मनात आजूबाजूच्या पट्ट्या हलवत बसले, ती नुसती लिहून घेत होती. नवव्या दिवशी म्हणाले की बसला. कॅसेटवर तिने त्यांनी सांगितलेलंच नाव लिहिलं होतं, मिस्त्रीवळण.

मी दुसऱ्याच दिवशी उमरेडची बस धरली. लुगडं पिशवीत घेऊन गेलो. लक्ष्मणराव ओसरीवर बसले होते, चाहुलीवरून ओळखलं त्यांनी. मी त्यांच्यापुढे बसलो आणि जे इतके दिवस तोंडातून निघत नव्हतं ते बोलून टाकलं. काकाजी, तुमचे पाच आठवडे माझ्या हट्टापायी गेले.

त्यांनी लुगड्याचा काठ मागून घेतला आणि मला म्हणाले, डोळे मिटा. मी मिटले. काठावर बोट फिरवा आणि वळण कुठं आहे ते सांगा. मी फिरवलं. उठावाचे धागे बोटाला लागत होते, पण कुठे मुंगी आणि कुठे वळण, मला काही केल्या कळेना. माझे डोळे भरून आले होते. त्यांना ते दिसायचा प्रश्न नव्हता, पण माझा हात त्यांच्या हातात होता, कळलं असावं.

त्यांनी माझं बोट धरलं, दोन बोटं पुढे सरकवलं आणि नेमक्या जागी टेकवलं.

"हे पाहा," ते म्हणाले. "इथं चुकले होते तुम्ही."